शेवटचा शब्द कोणाचा?

दिवाळीच्या अंकात मरणावरचा लेख पाहून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मी जाणून आहे. वर्षाचा सण, लेकी माहेरी आलेल्या, स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चाललेला, आणि हा गृहस्थ कसले अभद्र घेऊन बसला, असे कोणी म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. रागावण्यापूर्वी भिंतीवरचे पंचांग एकदा पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

आपली दिवाळी जितकी लक्ष्मीची आहे तितकीच यमाचीही आहे. धनत्रयोदशीला वैद्यमंडळी धन्वंतरीची पूजा करतात, आणि त्याच दिवशी तिन्हीसांजेला घराबाहेर यमासाठी दिवा लावतात. एरवी दिव्याचे तोंड चुकून दक्षिणेकडे झाले तर आजी लगबगीने येऊन तो फिरवते. या एका संध्याकाळी ती स्वतःच्या हाताने ज्योत दक्षिणेला करते. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की यमतर्पण. यमाची चौदा नावे घेऊन पाणी सोडायचे, आणि ज्याचे वडील हयात आहेत त्यानेसुद्धा ते करायचे, असे शास्त्र सांगते. भाऊबीजेचे तर दुसरे नावच यमद्वितीया. त्या दिवशी यम आपल्या बहिणीकडे जेवायला जातो. ज्या पाहुण्याला आपण सणात तीनदा बोलावतो त्याचे नाव काढले की कानांवर हात ठेवायचे, याला काय म्हणावे?

मौज अशी की, धनत्रयोदशीच्या दिव्यापुढे जे मागायचे ते मरण टळो असे नाही. अपमृत्यू टळो, वेळेआधी येऊ नकोस, एवढेच मागणे आहे. वेळेवर आलास तर तुझी वाट अडवणार नाही, हे त्यात न बोलता आले. धन्वंतरी आणि यम या दोघांनाही एकाच दिवशी मान देणाऱ्या माणसांना ठाऊक होते की, वैद्याची हद्द कुठेतरी संपते आणि तिथून पुढे दुसऱ्याचा अंमल सुरू होतो. ही हद्द आपण आज पुसून टाकली आहे आणि पुसल्याचा अभिमान बाळगतो आहोत.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचे आहे त्यांची सोय होईल. आपल्या महाराष्ट्रात मरणाच्या दारातल्या माणसाचे उपचार थांबवले जातात, आणि ते काही क्वचित घडत नाही. थांबवावेत की नाही, यावर विद्वानांनी कितीही परिसंवाद झोडले तरी ते थांबतातच. प्रश्न आहे तो ते कोणाच्या शब्दावर थांबतात हा. ज्याचा प्राण जायचा त्याचा शब्द तिथे नसतो. डॉक्टरचा नसतो, आणि खरे पाहता मुलाचाही नसतो. पुष्कळदा तो शब्द बिलाच्या खिडकीतून येतो.

पद्धत ठरून गेली आहे. घरातला कर्ता माणूस अतिदक्षता विभागात पडलेला. पहिल्या आठवड्यात बँकेतले संपते, दुसऱ्यात बायकोच्या पाटल्या जातात, तिसऱ्यात शेताच्या तुकड्याचा सौदा होतो किंवा मेहुण्यापुढे हात पसरावा लागतो. तोवर ‘हे माणूस बरे होण्यातले आहे का’ असे स्पष्ट कोणी विचारलेले नसते. विचारलेच असेल तर ‘चोवीस तास जाऊ द्या, आताच काही सांगता येत नाही’ हे ठरीव उत्तर मिळालेले असते. मग एके सकाळी पुढचे डिपॉझिट भरता येत नाही. त्या दिवशी एकाएकी सर्वांना उमगते की, आता आशा नाही. एक छापील कागद पुढे येतो. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रोग्याला नेत आहोत, असे त्यावर लिहिलेले असते. मुलगा सही करतो. रुग्णवाहिकेत एकजण रबरी फुगा दाबत श्वास देत बसतो, आणि गावाची वेस लागता लागता, किंवा घराच्या ओट्यावर, तो फुगा काढून घेतला जातो. त्या शेवटच्या तासात धाप हलकी करणारे, वेदना थांबवणारे औषध कोणी बरोबर दिलेले नसते. सल्ल्याविरुद्ध जाणाऱ्याला औषध कोण देणार? त्या एका कागदाने डॉक्टर सुटला, इस्पितळ सुटले, सरकार सुटले. अडकला तो मुलगा. पैसे असते तर बाबा वाचले असते, असे तो मरेपर्यंत समजत राहतो, आणि ते बहुधा खरे नसते.

पैसेवाल्याच्या घरी हाच खेळ उलट्या अंगाने चालतो. तिथे थांबवण्याचे कारणच उरत नाही. मूत्रपिंडाचे डॉक्टर सकाळी येऊन सांगतात की, आजचे रिपोर्ट बरे आहेत. दुपारी छातीचे डॉक्टर म्हणतात की, उजवे फुप्फुस मोकळे झाले. संध्याकाळी हृदयाचे डॉक्टर समाधान व्यक्त करून जातात. प्रत्येक अवयव सुधारतो आहे आणि सबंध माणूस मात्र मरतो आहे, हे सांगणारा तज्ज्ञ अजून कोणत्याही इस्पितळाच्या पाटीवर माझ्या पाहण्यात आलेला नाही.

आपल्याकडे माणूस जायला टेकला की त्याला ‘खाली घेत’. पलंगावरून उतरवून जमिनीवर निजवायचे, तोंडात गंगोदक आणि तुळशीचे पान घालायचे, नातवंडांना पायांशी आणून बसवायचे. त्या रीतीत सोवळेओवळेही पुष्कळ होते आणि त्याचे मला कौतुक नाही. पण त्या रीतीत एक गोष्ट होती: जाणाऱ्याला बोलता येत असे. कोणाचे किती देणे आहे, धाकटीला काय द्यायचे, कोणाशी बोलणे टाकले होते त्याला बोलवा, असे काही तो सांगून जाई. आजच्या व्हेंटिलेटरची नळी घशातून, स्वरयंत्राच्या मधून श्वासनलिकेत जाते. ती असेपर्यंत माणसाच्या तोंडून शब्द निघू शकत नाही. नळी सहन व्हावी म्हणून बहुतेकदा गुंगीचे औषध दिलेले असते. भेटीला संध्याकाळी अर्धा तास, एका वेळी एक. जन्मभर घरात ज्याच्या शब्दावर पान हलत नव्हते त्याचा शेवटचा शब्द आपण यंत्राने बंद करतो आणि बाहेर बाकावर बसून एकमेकांना सांगतो की, आम्ही प्रयत्नांची शिकस्त केली.

यंत्रावर माझा राग नाही, हे इथेच सांगून ठेवतो. न्यूमोनिया झालेल्या तरुण बाळंतिणीला, सर्पदंशाने श्वास थांबलेल्या मजुराला याच यंत्राने परत आणले आहे. ते यंत्र पुलासारखे आहे. पलीकडे किनारा असेल तर त्याच्यासारखा उपकारकर्ता नाही. छातीवर दाब देऊन हृदय पुन्हा चालू करण्याच्या उपायाचेही तेच. बुडून वर काढलेल्या पोराला तो जीवदान देतो. अंगभर पसरलेल्या कर्करोगाने अखेरीला आलेल्या नव्वदीच्या म्हातारीच्या मात्र तो फासळ्या मोडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली, असा उपाय कोणावर करू नये हे डॉक्टर आणि घरच्यांनी आधी कसे ठरवावे, याची मार्गदर्शक सूत्रेच काढली. ती किती इस्पितळांच्या टेबलावर आहेत, हे ज्याने त्याने विचारून पाहावे.

माझ्या परिचयाच्या एका घरातली गोष्ट आहे. सत्त्याऐंशी वर्षांच्या आजी, स्मृती पूर्ण गेलेली, मुलालाही ओळखत नसत. हळूहळू त्यांनी खाणे सोडले. चमचा जवळ नेला की ओठ मिटून घेत. घरचे घाबरले. न खाऊन मरेल म्हणून त्यांना एका इस्पितळात नेले आणि नाकातून पोटात नळी घातली. त्यांनी ती उपटली. पुन्हा घातली, पुन्हा उपटली. तिसऱ्या वेळी त्यांचे दोन्ही हात पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधले. जिने चार मुले वाढवली, शेकडो पंक्ती उठवल्या, तिचे अखेरचे एकोणीस दिवस हात बांधून गेले. आणि बांधणारी माणसे दुष्ट नव्हती हो, सगळी तिच्यावर जीव टाकणारी होती. त्यांना फक्त एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. म्हातारे शरीर आवरते घेऊ लागले की त्याची भूकच मावळते. ती खात नव्हती म्हणून मरत नव्हती. मरू लागली होती म्हणून खात नव्हती. जिभेला ओला कापूस लावणे, ओठांना तूप लावणे, कूस बदलून देणे, हात हातात घेऊन बसणे, ही त्या वेळची खरी सेवा.

आणि या ठिकाणी मला विनोबांची आठवण होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय सत्त्याऐंशी. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही नाकारले. देशभरातून विनवण्या झाल्या, खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी भेटून गेल्या. विनोबा ढळले नाहीत. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्याच दिवशी, ते गेले. त्यांच्या नाकात कोणी नळी घातली नाही, हात कोणी बांधले नाहीत. सबंध महाराष्ट्राने हात जोडले आणि प्रायोपवेशन हा जुना शब्द पुन्हा लोकांच्या तोंडी आला. मला विचारायचे आहे ते असे की, पवनारच्या सत्त्याऐंशी वर्षांच्या ऋषीने तोंड फिरवले तर तो योग, आणि आमच्या वाड्यातल्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आजीने ओठ मिटले तर तो रोग, हा भेद कोणी ठरवला? विनोबांना आपला निश्चय बोलून दाखवता आला आणि आजींना तो आला नाही, यापलीकडे मला तरी त्यात फरक दिसत नाही. आजींनी चार वर्षांपूर्वी, डोके शाबूत असताना, हीच इच्छा कागदावर लिहून ठेवली असती तर?

असा कागद लिहिता येतो. कायद्याने येतो, आणि त्याची गोष्ट बरीचशी आपल्या मुंबईतच घडली आहे. सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये मुंबईत संस्था काढली. १९८५ मध्ये सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत त्या आशयाचे विधेयक आणले. कायदा काही झाला नाही. अशा विधेयकांचे जे होते तेच त्याचे झाले.

मग अरुणा शानबागचे प्रकरण. परळच्या केईएम रुग्णालयातली ही पंचविशीची परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अमानुष हल्ला केला, तिच्या मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, ती त्याच रुग्णालयात पडून होती. लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या: हिला आता सोडवा. केईएमच्या परिचारिका म्हणाल्या: ती आमची आहे, आम्ही तिला सांभाळू. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने परिचारिकांचे ऐकले. त्याच निकालात, बरे न होणाऱ्या माणसाचा कृत्रिम जीवनाधार उच्च न्यायालयाच्या परवानगीने काढता येईल, असेही सांगितले.

त्या परिचारिकांपुढे मी वाकून नमस्कार करतो. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहाला शय्याव्रण होऊ द्यायचे नाहीत, ही तपश्चर्या आहे. पिढी निवृत्त झाली, पुढच्या पिढीने तो वसा घेतला. विराणींची तळमळही खोटी नव्हती. पण दोन्ही बाजूंची भाषणे वाचताना मला राहून राहून वाटे की, या खटल्यात एकच साक्ष नाही आणि ती अरुणाची. तिला काय हवे होते, हे जगात कोणालाच माहीत नव्हते. पंचविशीतली मुलगी असले काय म्हणून लिहून ठेवील? तिला ते सुचण्याचे कारण नव्हते. पन्नाशी, साठी, सत्तरी ओलांडलेल्या आपल्याला मात्र ते न सुचण्याला काय निमित्त आहे?

पुढे ९ मार्च २०१८ रोजी, ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २००५ मध्ये केलेल्या अर्जावर, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. प्रतिष्ठेने मरणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि माणसाला आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आधी लिहून ठेवता येईल, असे त्यांनी ठरवले. ‘लिव्हिंग विल’ म्हणतात ते हेच. मी त्याला वैद्यकीय इच्छापत्र म्हणतो. पण एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट घातली. आपल्याकडे दंडाधिकाऱ्याच्या कोर्टात तारीख मिळेपर्यंत माणूस आपापला मरून मोकळा होतो! पाच वर्षे तो हक्क कागदावरच राहिला. शेवटी २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने अटी सैल केल्या.

आता जे आहे ते सोपे आहे. शुद्धीवर असलेल्या कोणाही सज्ञान माणसाने लिहावे, दोन साक्षीदारांसमोर सही करावी, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घ्यावी. आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्यांची नावे घालावीत. एक प्रत घरच्या डॉक्टरला द्यावी, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीतल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. मन बदलले तर कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो. आणि हा कागद दाखवला की कोणी लगेच यंत्राची कळ फिरवत नाही. रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे की नाही, हे आधी इस्पितळातले तीन डॉक्टर पाहतात, मग दुसरे तीन पाहतात आणि त्यांत एक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला असतो. शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत त्यांनी मत द्यायचे. अंमल करण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याला कळवायचे. कागद लिहिलेला नसला तरी घरच्यांच्या संमतीने हीच वाट मोकळी आहे. म्हणजे सल्ल्याविरुद्ध म्हणून सही करून बापाला रुग्णवाहिकेत घालण्याची गरज कायद्याने उरलेली नाही. इस्पितळाच्या काउंटरवर मात्र अजून तोच जुना कागद पुढे येतो, कारण मंडळ बसवण्यात डॉक्टरांचा वेळ जातो आणि कागद पुढे करण्यात कारकुनाचाही जात नाही.

यावर लोक म्हणतात की, कलियुग आहे, मुलगे वाईट निघतात, इस्टेटीसाठी बापाची नळी काढतील. मला या आक्षेपाचा आदर आहे, कारण असे मुलगे मी पाहिले आहेत. पण मग विचार करा, आज काहीच लिहिलेले नाही तेव्हा त्या मुलाला कोण अडवतो? सल्ल्याविरुद्धच्या कागदावर सही करायला त्याला ना तीन डॉक्टर लागतात ना सहा. इच्छापत्रात तुम्ही त्या मुलाला वगळून मुलीचे नाव घालू शकता, भाचीचे घालू शकता, चाळीस वर्षांच्या मित्राचे घालू शकता. पाजी मुलाला धाक हवा असेल तर तो लिहिण्यात आहे.

उलट जातीचा मुलगाही असतो आणि तो फार चांगला असतो. आमच्या पुण्यात तो घरोघरी आहे. म्हणजे नाही, अमेरिकेत आहे. तीन वर्षांनी विमानतळावरून थेट इस्पितळात येतो आणि ज्या बहिणीने दोन वर्षे आईचे अंथरूण बदलले तिच्यासमोर डॉक्टरला बजावतो की, पैशाकडे पाहू नका, जे जे करता येईल ते सर्व करा. त्याचे प्रेम खरे असते आणि त्याहून त्याचे अपराधीपण खरे असते. त्या अपराधीपणाची फेड आईच्या देहावर होते. दोन भावंडे त्या वऱ्हांड्यात तुटतात ती पुढे आईच्या श्राद्धालाही एकत्र येत नाहीत. सदनिका कोणाची आणि दागिने कोणाचे, हे मुलांची भांडणे होऊ नयेत म्हणून आपण मृत्युपत्रात काटेकोर लिहितो. आणि ज्या प्रश्नावर ती खरोखर रक्ताळतात तो प्रश्न मोकळा सोडून जातो.

दुसऱ्या टोकालाही काही मंडळी आहेत. त्यांना उपचार थांबवण्याने समाधान नाही. डॉक्टरने सुई टोचून मरण द्यावे, असा कायदा हवा आहे. नेदरलँड्समध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून तसा कायदा आहे, मग आपल्याकडे का नसावा? २०१७ मध्ये गिरगावातल्या एका वृद्ध, निपुत्रिक दांपत्याने, धडधाकट असताना, आम्हांला दोघांना मरण द्या, असे राष्ट्रपतींना लिहिले होते. गांधीजींचा दाखलाही ही मंडळी देतात. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातले एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते, तेव्हा गांधीजींनी डॉक्टरकडून सुई देववून त्याला सोडवले आणि अहिंसावाद्यांची शिव्याशापांची पत्रे झेलली. त्या धैर्याला तोड नाही. पण वासराला विचारता येत नव्हते. माणसाला येते, आणि आपण विचारतच नाही. विचारण्याच्या आधीच सुईची घाई कशाला?

माझा या मागणीला आज विरोध आहे, आणि कारण धर्माचे नाही. या देशात पुष्कळ म्हातारी माणसे ‘मला मरण का येत नाही’ असे म्हणतात तेव्हा त्यांचे म्हणणे असे असते की, माझे सांधे रात्रभर ठणकतात, सुनेला माझे करणे जड जाते, कोणी माझ्याशी बोलत नाही. त्याला उत्तर म्हणून सरकारने सुई पुढे केली तर ती घेण्याची भीड पहिल्यांदा गरीब विधवेला पडेल. आधी वेदना थांबवा, मग पाहू. आणि वेदनेच्या बाबतीत आमची करणी काय आहे? मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने आहेत. वैद्यकीय उपयोगाची अफू भारत परदेशांना विकत आला आहे. त्याच अफूपासून मॉर्फिन होते, आणि कर्करोगाच्या अखेरच्या वेदनेवर त्यासारखे स्वस्त आणि खात्रीचे औषध नाही. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचे असे काटेरी कुंपण घातले की, औषधविक्रेत्यांनी ते ठेवणेच सोडले आणि डॉक्टरांच्या पिढ्या ते लिहायला न शिकता बाहेर पडल्या. २०१४ मध्ये कायदा सुधारला, सवय सुधारली नाही. वांद्र्याला १९८६ मध्ये ‘शांती आवेदना सदन’ निघाले, पुण्यात वारज्याला १९९७ मध्ये सिप्लाचे केंद्र निघाले. तिथे अखेरीचा रोगी वेदनेशिवाय, माणसांत, बोलत-बोलत जाऊ शकतो हे डोळ्यांनी पाहता येते. केरळने हे काम गावोगाव नेले, शेजारपाजाऱ्यांना शिकवून घरोघर नेले. आणि आमच्याकडे विदर्भ-मराठवाड्यातल्या किती तालुक्यांत कर्करोग्याला मॉर्फिनची गोळी मिळते? आमदारांनी आपापल्या मतदारसंघात हा प्रश्न विचारून पाहावा. पूल आणि कमानी यांची उद्घाटने थोडी लांबली तरी चालतील.

हे सर्व लिहिण्याआधी मी आणि माझ्या पत्नीने आपापले कागद केले, नाहीतर मला बोलण्याचा अधिकार नव्हता. नोटरीने मथळा पाहून, ‘सदनिका कोणाच्या नावे करायची?’ असे विचारले. सदनिकेचा प्रश्न नाही, देहाचा आहे, म्हटल्यावर त्याने चष्मा काढून आमच्याकडे पाहिले. प्रत द्यायला पालिकेत गेलो तर खिडकीवरच्या कारकुनाने विचारले, ‘अर्जदार हयात आहेत का?’ मी म्हटले, मीच अर्जदार. ‘मग इथे नाही, इथे मृत्यूची नोंद होते.’ चार खिडक्या फिरून शेवटी आवक-जावक विभागाचा शिक्का मिळाला. कागद कोणाकडे ठेवायचा हे सरकारने ठरवले आहे. त्या खिडकीवरच्या माणसाला ते अजून कोणी सांगितलेले नव्हते. त्याचा दोष नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि प्रत्येक सरकारी दवाखान्यात हा नमुना मराठीत, मोठ्या अक्षरांत, फुकट मिळाला पाहिजे, आणि तो घेणाऱ्या माणसाचे नाव पाटीवर असले पाहिजे. आरोग्यखात्याला एवढे न जमण्यासारखे त्यात काही नाही.

माझा कागद एका पानाचा आहे. बरा होण्याची शक्यता असेल तोवर सर्व उपचार करा. ती संपली असे डॉक्टरांच्या दोन्ही मंडळांनी सांगितले की घशातली नळी नको, छातीवर दाब नको, नाकातून अन्न नको. वेदनेचे औषध लागेल तेवढे द्या आणि घरी न्या. माझ्या वतीने बोलायला मी धाकट्या मुलीचे नाव घातले. थोरला दोन दिवस रुसला होता. मग त्याने स्वतःच विचारले की, ‘बाबा, पण संपली म्हणजे नेमके काय?’ आणि त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही सर्वजण त्यावर साडेअकरापर्यंत बोलत बसलो. सून मध्येच उठून चहा करून आली.

माझ्या पत्नीने आपल्या कागदात एक ओळ जास्त घातली आहे. मला ऐकू येत नसेल असे समजून माझ्या उशाशी बिलाच्या गोष्टी बोलू नयेत, अशी ती ओळ आहे. हे कायद्यात बसत नाही, काढून टाका, असे नोटरी म्हणाला. तिने ती काढली नाही.